आठवणीतल्या झाडाची नक्षी कापडावर छापली की दुरून नुसत्या चौकटी दिसतात. काय चुकतंय?

तुमची फांदी एकटी छान दिसते, पण ठसा मारत गेलात की चौकटी उमटतात. म्हणजे दोष चित्राचा नाही, रिपीटचा आहे, म्हणजे एकच चित्र शेजारी-शेजारी जोडत नेण्याच्या रचनेचा.

तरी चित्राबद्दल थोडं. फोटो न बघता आठवेल तशी फांदी दहा-बारा वेळा काढा, दर वेळी दोन मिनिटांत. प्रत्येक कागदावर जे आपसूक उतरतं, फांदीचा झुकाव किंवा पानांची दाटी, तेवढंच ठेवा. खरी डहाळी त्यानंतर हातात घ्या. तुमच्या आठवणीतलं झाड कडुनिंब असेल तर त्याची पानं विळ्यासारखी वाकलेली आणि कडेला दातेरी असतात, शिवाय देठाशी एक बाजू दुसरीपेक्षा रुंद असते. हा तिरपेपणा सुटला की ते कुठल्याही झाडाचं पान होतं. शिरा मोजक्याच घ्या. हाताने कोरलेल्या ठशात १ मिमीपेक्षा बारीक खाच रंगाने बुजते.

आता रिपीट. २० × २० सेंमीचा कागद घ्या, कोन गुण्याने तपासा. चित्र मध्यावर काढा, कडांना कुठेही टेकू देऊ नका. कागद बरोबर मधोमध उभा कापा आणि डावा तुकडा उजवीकडे न्या. पण तो तसाच चिकटवायचा नाही. त्याचे आडवे दोन भाग करून वरचा खाली, खालचा वर घ्या आणि मागून चिकटपट्टी लावा. याला हाफ-ड्रॉप म्हणतात: शेजारची रांग १० सेंमी खाली सरकते, त्यामुळे डोळ्याला सरळ आडव्या ओळी सापडत नाहीत. मधे मोकळी जागा तयार होते, तिथे नवी पानं काढा. जोडावरून बिनधास्त जा, बाहेरच्या कडांना मात्र हात लावू नका.

एवढ्यावर बरेच जण थांबतात आणि तिथेच पट्टे पडतात. न कापलेल्या अर्ध्या भागाचा वर-खालचा जोड अजून कडेलाच आहे. म्हणून अख्खा कागद आडवा मधोमध कापा, वरचा भाग खाली घ्या, तो जोड मधे आला की तोही भरून काढा.

नऊ झेरॉक्स काढून तीन उभ्या रांगांत लावा, मधली रांग १० सेंमी खाली. तीन मीटरवरून डोळे किलकिले करून बघा. पांढरा ओहोळ वाहताना दिसला तर तिथे लिंबोळ्या टाका. पानं मोठी करून जागा भरू नका, मग तेवढीच पानं डोळ्यांत खुपतात.

कोरताना चित्र ठशावर उलटं जायला हवं, तरच छाप सुलट येते. ट्रेसिंग पेपरची पेन्सिलची बाजू खाली ठेवून घासलीत की ते आपोआप होतं.

नव्या सुती कापडाची खळ काढल्याशिवाय छापू नका, रंग वरच्यावर बसतो आणि धुण्यात जातो. लिटरला एक चहाचा चमचा धुण्याचा सोडा घालून तासभर मंद उकळा आणि भरपूर पाण्यात खळबळा. कापड इथेच आटू द्या, छापल्यावर आटलं तर नक्षी बिघडते. टेबलावर घोंगडीची घडी हवी, कडक पृष्ठावर मोठ्या ठशाच्या मधे छाप फिकी येते. रंग स्पंजने लावा, ठसा रंगात बुडवू नका.

खुणा करताना प्रत्येक माप पहिल्या रेषेपासून घ्या: २०, ४०, ६०. आधीच्या छापेला टेकवून पुढची मारली तर १ मिमीची चूक दहाव्या छापेला जवळपास १ सेंमी होते, आणि जोडावरचं पान तुटलेलं दिसतं.

कापडावर छापलेला रंग २४ तास वाळू द्या. मग उलट्या बाजूने, वाफ बंद ठेवून, सुती कापडाच्या तापमानावर प्रत्येक जागी तीन ते पाच मिनिटं इस्त्री फिरवा. रंगाच्या बाटलीवर वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा.

आणि पहिल्यांदा दोनच रांगा छापा, जुन्या चादरीवर.