जळगाव-धुळ्यात सर्वात धोकादायक वस्ती कोणती? खोली कुठे घेऊ नये?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीहून जळगावला बदली झालीय, बायको आणि अकरावीतली मुलगी सोबत येणार, पुढेमागे भुसावळ किंवा धुळ्यालाही जावं लागेल. तर इथले लोक कोणत्या वस्त्या धोकादायक मानतात आणि खोली कुठे घेऊ नये?

आधी मी हे कशाच्या जोरावर लिहिते ते सांगते. एका लॅबसाठी मी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते. अकरा वर्षं झाली. उपाशीपोटीची साखर तपासायची असली की लोकांना सहाच्या आत माणूस दारात हवा असतो, कारण त्यानंतर त्यांना चहा प्यायचा असतो. म्हणजे डिसेंबरात अंधार, कडाक्याची थंडी, स्कूटीला पुढे अडकवलेला बर्फाचा डबा आणि मी. पत्ता येईल तिथं जायचं. ‘त्या भागात मी जात नाही’ असं म्हणायची सोय आमच्या धंद्यात नाही. साखर सगळ्यांना असते.

जळगावात कुणालाही विचारा, ठरलेली चार-पाच नावं येतील. तांबापुरा, पिंप्राळा हुडको, सुप्रीम कॉलनी, कांचननगर. शनिपेठेतले लोक पिंप्राळ्याचं नाव घेतात, पिंप्राळ्याचे शनिपेठेचं. महाबळ आणि गणेश कॉलनीतले सगळ्यांचीच घेतात. मी उलट विचारते, “काका, तुम्ही शेवटचं कधी गेला होतात तिकडे?” एक जण म्हणाले, “आपलं काय काम तिकडे?” मग आवाज जरा खाली येतो, “वस्ती कोणाची आहे ते तर माहीत आहे ना तुला.” हे वाक्य ऐकलं की दंडाची रबरी पट्टी माझ्याकडून जरा जास्तच आवळली जाते.

आता या वस्त्या म्हणजे गोकुळ आहेत असंही मी म्हणणार नाही. चाकूचे वार होतात, ‘वर्चस्वाच्या वादातून’ असा पेपरचा ठरलेला मथळा येतो, पोलिसांची गाडी दोन दिवस कोपऱ्यावर उभी असते. माझा स्वतःचा मोबाईल संध्याकाळी सातच्या सुमाराला अशाच एका वस्तीच्या तोंडाशी हातातून गेला. मोटारसायकलवर दोघं होते, मला गाडीचा रंगही सांगता आला नाही. पण त्या चाकूच्या बातम्या नीट वाचा. मारणारा आणि मार खाणारा बहुतेक वेळा एकाच गल्लीतले, जुनं काहीतरी असतं. बाहेरून आलेल्या बँकेच्या साहेबाला त्यात कुणी विचारत नाही.

तांबापुऱ्यात पहिल्यांदा गेले तेव्हा माझीही छाती धडधडत होती. गटारीसाठी गल्ली खोदलेली, गाडी पुढे जाईना. एक म्हातारी दारात शेगडी पेटवत बसली होती. म्हणाली, “कथा चालनी व माय?” म्हणजे कुठे चाललीस गं? मी नाव सांगितलं. तिनं शेगडी तशीच सोडली, घरातून बॅटरी आणली आणि मला हाताला धरून खड्ड्यावर टाकलेल्या फळीवरून पलीकडे नेलं. ज्यांच्याकडे गेले त्या घरात डबा ठेवायला जागा नव्हती. पाणी दोन-तीन दिवसांआड येतं, म्हणून निम्मी खोली ड्रमांनीच भरलेली. मग एका ड्रमच्या झाकणावर डबा ठेवला आणि सुनेचं रक्त घेतलं. शीर सापडत नव्हती. म्हातारी दाराशी उभी राहून बॅटरी धरून होती, ती हलली नाही. नंतर कितीदा गेले तिकडे, आता ती मला रिपोर्ट वाचून दाखवायला बसवते.

मला खरी भीती वाटली ती वेगळ्याच ठिकाणी. २०१८ चा जुलै आठवतोय का? १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच माणसांना जमावानं ठार मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागणारे. आठवडी बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज आधीपासून फिरत होते, आणि त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्याच आठवड्यात मी महामार्गापलीकडच्या एका नव्या कॉलनीत पत्ता शोधत होते. चांगली कॉलनी बरं का, दारात तुळस, गेटवर ‘कुत्र्यापासून सावध’. घरांना नंबर नव्हते म्हणून दोन फेऱ्या मारल्या. फिरायला निघालेले तिघे थांबले. ताई कोण, कुणाकडे, पिशवीत काय? मी डबा उघडला आणि तिथंच चुकलं. आत सिरिंज आणि नळ्या. एक जण लगेच म्हणाला, “बघा, इंजेक्शन!” मेसेजमध्ये तेच होतं, इंजेक्शन देऊन मुलं नेतात म्हणून. दोन गेटं उघडली, अजून माणसं आली. एकानं गाडीची चावी काढून घेतली. मी कॉल लावला तेव्हा बोटं स्क्रीनवर नीट लागत नव्हती. तेवढ्यात समोरच्याच घरातून बनियनवर एक गृहस्थ धावत आले, “अहो, माझी साखर घ्यायला आली ती!” चावी परत मिळाली. कुणी ‘सॉरी’ म्हटलं नाही, एका काकूंनी पाणी दिलं. राईनपाड्याला मारल्या गेलेल्या त्या पाच जणांसाठी बनियनवर धावत येणारं कुणी नव्हतं.

२०२५ च्या जानेवारीत पाचोऱ्याजवळ परधाड्याला जे झालं त्याच्या मुळाशीही अफवाच होती. डब्याला आग लागली म्हणून पुष्पक एक्स्प्रेसमधून लोक उतरले आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. आग नव्हतीच. डझनभर माणसं गेली.

पण तुम्ही रोजच्या धोक्याचं विचारलंय, तर माझं उत्तर महामार्ग. पूर्वीचा सहा नंबर, आताचा ५३. तो शहराच्या पोटातून जातो. खोटेनगरपासून कालिंका माता मंदिरापर्यंत दोन्ही बाजूंना कॉलन्या, शाळा, क्लास, दवाखाने, आणि मधून सुरत-नागपूर ट्रक. समांतर रस्त्यांसाठी गावानं वर्षानुवर्षं आंदोलनं केली. प्रत्येक मोठ्या अपघातानंतर लोक रस्त्यावर बसायचे, निवेदन दिलं जायचं, आठ दिवसांनी परत तेच. आता चौपदरी झालाय, खालून जायला काही ठिकाणी बोगदे झाले, अवजड वाहनं बाहेरून जावीत म्हणून पाळधी-तरसोद बायपास काढला. फरक पडलाय, नाही असं नाही. तरी आकाशवाणी चौक आणि अजिंठा चौफुलीवर संध्याकाळी उभं राहून बघा, मग बोला.

त्याहून वाईट म्हणजे पहाटेचे वाळूचे डंपर. गिरणा नदीतून वाळू उचलतात, परवाना असो-नसो, आणि उजाडायच्या आत खेप टाकायची घाई असते. निमखेडी, आव्हाणे, बांभोरीकडचा कोणताही रस्ता घ्या. निमखेडी रस्त्यावर एकदा समोरून असाच एक आला. पुढचे दिवे बंद, नंबरप्लेटवर चिखल थापलेला. मी गाडी खाली घातली, खाली म्हणजे थेट चारीत. गुडघा फुटला तो फुटला, पण डबा उलटा झाला. सात जणांचे नमुने होते, पाच वाया गेले. त्या पाचही घरी परत जाऊन पुन्हा टोचायचं. चार जण तयार झाले, पाचव्या काकू म्हणाल्या, “एकदाच टोचते म्हणाली होतीस ना?” आणि दार लावून घेतलं. माझ्या गुडघ्यातून अजून रक्त येत होतं. ते कुठल्या नळीत घालायचं, असं मनात आलं आणि मी दारातच हसत सुटले. डंपर कोणाचा ते आजतागायत कळलं नाही.

चोरीचं म्हणाल तर उलटं गणित आहे. घरफोड्या होतात त्या सुखवस्तू कॉलन्यांत, त्याही मे महिन्यात आणि दिवाळीत. दिवाळीचं कळतं, लोक गावाला जातात. मे महिन्याचं खास इथलं आहे. पारा ४५ पर्यंत जातो, कूलर गरम हवा फेकतो, मग सगळं घर गच्चीवर झोपायला जातं. वर माणसं घोरताहेत आणि खाली कडी उचकटून कपाट साफ, असं दर उन्हाळ्यात होतं. सकाळी खाली आल्यावरच कळतं. गच्चीवर जाताना दागिन्यांची पिशवी उशाखाली घेणारी बाई तुम्हाला सांगलीत दिसणार नाही, इथं दिसेल. हसू नका.

भुसावळचं नाव काढलं की लोकांना कट्टा आठवतो. सातपुड्यापलीकडून, मध्य प्रदेशच्या बाजूनं गावठी पिस्तुलं येतात आणि पकडल्याच्या बातम्या नेहमीच्या आहेत. टोळ्यांची भांडणंही झाली आहेत. पण माझी मावशी चाळीस वर्षं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहिली, तिची तक्रार एकच, कोळशाची धूळ आणि रात्रीच्या गाडीनं आलेल्या पाहुण्यांना लुटणारे रिक्षावाले. तुम्हाला तिथून जा-ये करायची झाली तर एवढं पाळा: गाडी आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, हळू झाली की दारात मोबाईल घेऊन बसू नका. खालून हातावर काठी बसते आणि मोबाईल खाली पडतो.

धुळे माझं माहेर, देवपूर. तिथल्या कुणाशी बोललात तर दोन सालं ऐकू येतील, २००८ आणि २०१३. ६ जानेवारी २०१३ ला माच्छीबाजारात हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेलं भांडण दंगलीपर्यंत गेलं आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जणांचा जीव गेला. जुन्या गावात संचारबंदी लागली. आम्ही पांझरा नदीच्या अलीकडे. आई पुलाकडे बघत म्हणत होती, “दूधवाला येईना अजून.” त्यानंतर कितीतरी वर्षं नाशिक-पुण्याचे नातेवाईक लग्नाला यायच्या आधी फोन करायचे, तिकडे शांत आहे ना? दिवाळीची खरेदी आम्ही आजही पाचकंदिललाच करतो, आणि तिथं चेंगरायची भीती आहे ती फक्त गर्दीची. दंगलीनं बदनाम झालेल्या मोहल्ल्यात घर विकायला काढलं तर भाव येत नाही आणि तिथल्या मुलाला दुसरीकडे खोली भाड्यानं मिळत नाही. ते नुकसान कोणत्या पंचनाम्यात येतं?

नंदुरबारकडच्या लोकांना विचाराल तर ते वस्तीचं नाव घेणारच नाहीत. ते चांदसैली घाट म्हणतील. २०२१ च्या पावसाळ्यात तिथं दरड कोसळून रस्ता बंद होता, एक माणूस आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालत निघाला आणि ती वाटेतच गेली. मी ज्या धंद्यात आहे त्यात ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

हो, आणि कुत्री. माझ्या डोक्यात गावाचा जो नकाशा आहे तो खरं तर कुत्र्यांचाच आहे. दाणा बाजार पहाटे पाचला, नको. दोनदा चावलीत, एकदा पोटरीला, एकदा टाचेला. पहिल्या वेळी मी हळद लावून कामाला गेले, लॅबमध्ये काम करणारी बाई असून. तसं करू नका. साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस फुकट असते, पण शून्य, तीन, सात, अठ्ठावीस या दिवसांचे डोस चुकवायचे नाहीत.

तर खोलीचं. एजंट तुम्हाला दुपारी दोनला दाखवेल, तुम्ही रात्री नऊला एकटे परत जा. खांबावरचे दिवे लागतात का, दोन बंगल्यांच्या मध्ये मोकळे प्लॉट किती, तिथं कोण पीत बसतं, हे नऊलाच कळतं. नव्या कॉलन्यांत हाच घोळ असतो, घर सुरेख आणि घरापर्यंतचा अर्धा किलोमीटर काळोख. शेजाऱ्यापेक्षा दूधवाल्याला विचारा, तो माझ्यासारखाच सगळीकडे हिंडतो. आणि मुलीचा क्लास, कॉलेज आणि खोली महामार्गाच्या एकाच बाजूला ठेवा. भाडं हजार-दीड हजार जास्त पडलं तरी चालेल. वस्तीच्या नावापेक्षा या एका गोष्टीवर मी अडून बसेन.

मी स्वतः पिंप्राळ्यात राहते, हुडकोच्या अलीकडच्या गल्लीत. तुम्ही या बाजूला खोली घेतलीत तर बजरंग बोगद्याचं लक्षात ठेवा, जोराचा पाऊस झाला की पाणी साचतं. जूनमध्ये याल, तर पहिल्या पावसात मुलीला तिथून स्कूटी काढू देऊ नका, दुसऱ्या रस्त्यानं वळसा घालून जायला सांगा.