एक-तीनच्या टेबलावर बसण्यापूर्वी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. तुझा मेसेज दोनदा वाचला. मित्रमैत्रिणींबरोबर घरी पाच-दहा डॉलर घेऊन पोकर खेळता खेळता आता सॅन होजेच्या कार्डरूममध्ये एक-तीनच्या टेबलावर, म्हणजे दर डावात दोन जणांना पानं बघण्याआधीच एक आणि तीन डॉलर (ब्लाइंड) टाकावे लागतात अशा टेबलावर, बसायचं तुझ्या मनात आलंय. मी 'नको' म्हणणार नाही. एकवीस पूर्ण झालेल्या, स्वतः कमावणाऱ्या माणसाला इथे कायद्याने मुभा आहे, आणि पोकर हा मला मनापासून आवडणारा खेळ आहे. पण घरच्या खेळावरून तिथल्या खेळाचा अंदाज बांधशील तर पैसे जातील, म्हणून सविस्तर लिहितोय. आईला मात्र जाण्याआधी सांग. लपवून खेळलेला खेळ कधीच चांगला खेळला जात नाही.

आधी जागा समजून घे. पोकरमध्ये तुझे पैसे जिंकणारा माणूस तुझ्यासमोर बसलेला असतो. कार्डरूम फक्त टेबल, पत्ते आणि डीलर पुरवते आणि त्याचं भाडं घेते. कॅलिफोर्नियात ही परंपरा जुनी आहे. राज्याच्या जुन्या कायद्यात बंदी घातलेल्या खेळांची नावं होती, त्यात ड्रॉ पोकर हा पोकरचा जुना प्रकार नव्हता. त्या आधारावर १९३६ पासून लॉस एंजलिसजवळच्या गार्डीना गावात कार्ड क्लब उभे राहिले आणि पुढे कित्येक वर्षं ते गाव पोकरसाठीच ओळखलं गेलं. तू खेळणार आहेस त्या होल्डेमला (हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची पाच) इथे मोकळी वाट मिळाली ती १९८७ मध्ये.

आता भाड्याचं. लास व्हेगसला बहुतेक ठिकाणी पॉटच्या, म्हणजे डावात जमलेल्या पैशांच्या, दहा टक्के कापतात, त्यालाही वरची मर्यादा असते. कॅलिफोर्नियात लावलेल्या पैशांवर टक्केवारी घ्यायला कायद्याने मनाई आहे. आधी जाहीर केलेली ठरावीक रक्कम डीलर प्रत्येक डावात टेबलाच्या फटीतून खालच्या डब्यात टाकतो. तिला 'ड्रॉप' म्हणतात. दराचा फलक टेबलापाशी लावलेला असतो, बसण्यापूर्वी वाच. समजा ड्रॉप सहा डॉलर आणि जॅकपॉटच्या नावाने आणखी एक. तासाला साधारण तीस डाव होतात. म्हणजे टेबलावरून दर तासाला दोनशे दहा डॉलर उठतात, नऊ जणांत माणशी तेवीसच्या आसपास. शिवाय पॉट जिंकला की डीलरला एक डॉलर द्यायचा. तो जरूर दे, त्यांचा पगार त्या टिपांवरच पुरा होतो. पण एवढं ओळख, की टेबलावरचे नऊही जण सारख्याच ताकदीचे असले तर दीर्घकाळात नऊही जण हरतील.

यातून खेळण्याची पहिली गोष्ट निघते. तीन जणांनी तीन-तीन डॉलर टाकले, त्यातले सात डब्यात गेले, तर उरलेल्या दोन डॉलरसाठी भांडायचं कशाला? या टेबलावर लहान पॉट जिंकून कोणी पुढे जात नाही. पुढे जायचं तर मोजक्या डावांत उतरायचं आणि उतरलीस की पॉट मोठा करायचा. सगळ्यांनी पानं टाकून, म्हणजे डाव सोडून, फक्त दोन ब्लाइंडवाले उरले तर शेजारचा विचारेल, 'चॉप?' हो म्हण. दोघांचे पैसे दोघांना परत मिळतात आणि ड्रॉप वाचतो.

आता मुख्य मुद्दा. या टेबलावरची माणसं 'कॉल' करायला, म्हणजे समोरच्याने लावले तेवढे पैसे भरून डावात राहायला, आलेली असतात. दिवसभर काम केलेला ट्रकचालक, निवृत्त शिक्षिका, शिफ्ट संपवून आलेली नर्स, आपल्यासारखे सॉफ्टवेअरवाले. यांतला कोणीही पानं टाकत बसण्यासाठी गाडी काढून आलेला नसतो. त्यांना पुढचं पान बघायचं असतं आणि ते बघण्यासाठी पैसे मोजायची त्यांची तयारी असते. हे एकदा मनात पक्कं बसलं की बाकीचं सगळं त्यातून आपोआप येतं.

जो कॉल करणारच आहे त्याला ब्लफ करून काय मिळणार? मला माहीत आहे, तू लहानपणापासून दिवाळीत मामाकडे तीन पत्ती खेळत आलीस आणि ब्लाइंड चाल चढवत नेऊन भल्याभल्यांना पॅक करायला लावलंस. ती धमक इथे उपयोगी नाही. तिथे समोरच्याच्या हातात तीन बंद पानं असतात आणि मनात धाक. इथे पाच पानं टेबलावर उघडी येतात, आणि एक छोटीशी जोडी जमली तरी माणूस तिला धरून शेवटपर्यंत बसतो. म्हणून ब्लफ जवळजवळ विसर. ज्या दिवशी पानं चांगली येतील त्या दिवशी त्यांचे पूर्ण पैसे वसूल कर.

एक डाव पानापानाने सांगतो, म्हणजे नीट कळेल. तुझ्यासमोर तीनशे डॉलर आहेत. दोघांनी तीन-तीन डॉलर टाकून नुसता कॉल केलाय. तुझ्या हातात एक्का-राणी. तू ते वाढवून वीस कर. घरच्या सवयीने तू सहा-आठ केले असतेस, पण इथे आठ केलेस तर पाच जण येतील. वीसवर दोघे आले. ब्लाइंड धरून, ड्रॉप वजा जाता पॉट सत्तावन्न. फ्लॉपवर, म्हणजे पहिल्या तीन उघड्या पानांत, चौकट राणी, किलवर नव्वी, इस्पिक चौकी. दोघांनी चेक केलं, म्हणजे पैसे न लावता बारी पुढे दिली, तू पस्तीस लाव. एकाने पानं टाकली, टोपीवाल्या आजोबांनी कॉल केला. पॉट एकशे सत्तावीस. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, बदाम दुर्री. आजोबा पुन्हा चेक. इथे बरेच जण घाबरून थांबतात. 'कॉल केलाय म्हणजे काहीतरी असेल' म्हणतात. असेलच, पण बहुधा तुझ्याहून कमीच. सत्तर लाव. आजोबांनी तेही भरले.

त्यांच्या हातात दश्शी-नव्वी आहे असं धर. नव्वीची जोडी. न दिसलेल्या चव्वेचाळीस पानांपैकी फक्त पाच त्यांच्या कामाची आहेत, दोन नव्व्या आणि तीन दश्श्या. म्हणजे नऊ वेळांत जेमतेम एकदा. त्या सत्तर डॉलरना अर्थ यायचा तर चारात एकदा तरी जिंकायला हवं. म्हणून तुझी कमाई तिथेच झाली, टर्नला, त्यांनी सत्तर भरले त्या क्षणी. पुढे कोणतंही पान येवो.

समजा रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पानाला, नेमकी नव्वीच आली. आजोबा चेक करतात, तू साठ लावतेस, आणि तासभर एकही रेझ न केलेला, म्हणजे एकदाही पैज न वाढवलेला, माणूस शांतपणे म्हणतो, 'ऑल इन', सगळे पैसे पुढे. तुझ्यापाशी एकशे पंधरा उरलेत, पॉट पाचशेच्या वर गेलाय. हिशेब सांगतो की पाचात एकदा जरी तू पुढे असशील तर कॉल कर. पण तू पाचात एकदा पुढे नाहीस, विसातही नाहीस. चेक करून मग रिव्हरला रेझ करणारा गप्प माणूस या टेबलावर ब्लफ करत नाही. पानं टाक. चेहरा पाडू नकोस, 'नाइस हँड' म्हण आणि पुढच्या डावाची पानं घे. कॉल करणाऱ्यांच्या टेबलावर जेव्हा कोणी रेझ करतो, तेव्हा ते अक्षरशः खरं मान. एकवेळ पाच-सहा वेळा चुकून पानं टाकणं परवडेल, दर वेळी खात्री करून घ्यायची हौस परवडणार नाही.

कोणत्या पानांवर उतरायचं, हे तुला पुस्तकी ठाऊक आहे. एवढंच लक्षात ठेव की खरा एक-तीनचा खेळ मंद असतो. दोन एक्के २२१ डावांत सरासरी एकदा येतात, म्हणजे तिथल्या गतीने सात-साडेसात तासांत एकदा. लहान जोडी हातात असेल तर फ्लॉपवर तिसरं पान मिळण्याची शक्यता साडेआठात एक. म्हणून सत्ती-सत्तीवर पंधरा डॉलर टाकताना बघ, समोरच्याकडे आणि तुझ्याकडे निदान दोनशे तरी आहेत ना. नसतील तर ते तिसरं पान मिळूनही भागत नाही. एक्क्यासोबत बारीक पान, एकाच रंगाचं असलं तरी, सुरुवातीच्या जागांवरून टाकून दे. बटणावर, म्हणजे सर्वांत शेवटी बोलायच्या जागेवर, असशील तेव्हा थोडी सैल खेळ, कारण फ्लॉपपासून पुढे तिथे तुझ्या आधी सगळे बोलून झालेले असतात.

टेबलाचे नियम घरच्यापेक्षा कडक असतात आणि ते बरंच आहे. तोंडून निघालेला शब्द बंधनकारक. 'रेझ' म्हटलंस की रेझ करावाच लागतो. काही न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकलीस तर तो कॉल धरतात. चिप्स दोन हप्त्यांत पुढे सरकवल्या तर त्याला स्ट्रिंग बेट म्हणतात आणि दुसरा हप्ता परत येतो. म्हणून आधी रक्कम बोल, मग चिप्स ठेव. आपल्या पानांवर एक चिप ठेवत जा, नाहीतर डीलर चुकून ती गोळा करेल आणि मग तक्रारीला जागा नाही. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे शेवटी दोन्ही पानं उलगडून टेबलावर ठेव आणि पॉट तुझ्याकडे सरकेपर्यंत सोडू नकोस. समोरचा 'फ्लश' म्हणाला म्हणून आपली पानं फेकू नकोस. तोंडाने काही का म्हणेना, निकाल उघड्या पानांवर लागतो.

डाव चालू असताना टेबलावर फक्त इंग्रजी. मंडळातली कोणी ओळखीची व्यक्ती शेजारी बसली तरी मराठीत एक शब्दसुद्धा नको, 'काय गं, कशी आहेस' हेसुद्धा नको. बाकीच्यांना वाटणारच की तुम्ही पानं सांगताय. आणि ओळखीच्या माणसाला सवलत देऊन खेळू नकोस. तो त्याच टेबलावरच्या बाकीच्यांवर अन्याय आहे. अवघडल्यासारखं वाटत असेल तर दुसरं टेबल माग.

तू मुलगी आहेस म्हणून काही जण तुला न विचारता शिकवतील. कोणी सलगी करेल. हसून सोडण्यासारखं असेल तर सोड. नसेल तर डीलरला एकच शब्द सांग, 'फ्लोअर'. पर्यवेक्षक येतो आणि टेबलावरची वागणूक सांभाळणं हे त्याचं कामच आहे. यात भिडस्तपणा अजिबात नको.

पैशांबद्दल माझं मत कडक आहे. भाडं, घरी पाठवायचे पैसे आणि सहा महिन्यांची गंगाजळी बाजूला काढल्यावर जे उरतं त्यातला एक वेगळा हिस्सा पोकरचा. तो संपला की पोकर बंद, पुढच्या बोनसपर्यंत. कार्डरूममध्ये जाताना ठरलेली रोकड ने आणि डेबिट कार्ड घरी ठेव. तिथल्या एटीएमपाशी रात्री एक वाजता उभी असलेली माणसं बघशील तेव्हा मी हे का सांगतोय ते कळेल. प्रत्येक बैठकीची तारीख, तास आणि बेरीज-वजाबाकी त्याच रात्री लिहून ठेव. एक तर स्मरणशक्ती जिंकलेलं वाढवून सांगते. दुसरं म्हणजे अमेरिकेत जिंकलेल्या पैशांवर कर आहे, कार्डरूमने कुठला फॉर्म दिला नाही तरी तो दाखवावा लागतो. हरलेले पैसे मात्र तुझ्यासारखी स्टँडर्ड डिडक्शन (करातली ठरावीक सरसकट वजावट) घेणारी व्यक्ती त्यातून वजा करू शकत नाही. मार्चमध्ये हे कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं.

आणि एक गोष्ट नुसती सांगून सोडत नाही, पाळायला सांगतोय. हरलेले परत मिळवायला म्हणून दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं, किंवा आईला खोटी रक्कम सांगितलीस, तर त्याच दिवशी मला फोन कर. कॅलिफोर्नियात स्वतःच अर्ज करून कार्डरूममध्ये स्वतःला प्रवेशबंदी करून घेता येते. मदतीच्या हेल्पलाइनचा फलकही प्रत्येक कार्डरूममध्ये असतो. ते फलक शोभेचे नाहीत. हुशार, शिकलेल्या, चांगल्या पगाराच्या माणसांनाही त्यांची गरज पडलेली मी पाहिली आहे.

पहिल्या दिवशी शनिवारची रात्र टाळ. शनिवारी सकाळी जा. प्रतीक्षा यादी लहान असते आणि डीलरला प्रश्न विचारायला वेळ असतो. काउंटरवर 'एक-तीन नो-लिमिट' असं सांगून नाव लाव. जागा मिळाली की ब्लाइंड तुझ्यापाशी येईपर्यंत खेळू नकोस, नुसती बघ. कोण प्रत्येक डावात उतरतंय, कोण तासात एकदाच रेझ करतंय, कोण हरल्यावर चिप्स आपटतंय. चार तास झाले की उठ, वर असलीस तरी, खाली असलीस तरी. चौथ्या तासानंतर माणूस पानं टाकायला कंटाळतो आणि तिथेच दोनशे डॉलर जातात.

संध्याकाळी फोन कर. किती जिंकलीस किंवा हरलीस ते मी विचारणार नाही. चांगली जोडी हातात असून कोणत्या डावात पानं टाकलीस, आणि समोरच्याने नेमकं काय केल्यावर टाकलीस, ते सांग. त्यावर बोलू.

तुझा,
काका