परीक्षेपुरतं एरोडायनॅमिक्स पुरेल का?

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. घरी कॉम्प्युटरवर विमानाचा सिम्युलेटर चालवते, लँडिंगही छान करते. पुढे तिला फ्लाइंग शिकायला पाठवायचंय. एरोडायनॅमिक्स (विमान हवेत कसं उडतं त्याचं शास्त्र) परीक्षेपुरतं केलं तर चालेल का? – एक वडील, मानेवाडा, नागपूर

उत्तर : दादा, पेपर 70 टक्क्यांना निघतो, तेवढ्यापुरतं वाचून तो निघेलही. पण कमर्शियल लायसन्सला 200 तास उड्डाण लागतं आणि प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात. जे घरी टेबलाशी बसून कळलं असतं ते हवेत शिकायला गेलं, की तास वाढतात.

सुरुवात स्टॉलपासून करू द्या. गाडीच्या सवयीने पोरांना वाटतं, इंजिन बंद पडलं म्हणजे स्टॉल. विमानात स्टॉल पंखाचा असतो. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातला कोन, म्हणजे अँगल ऑफ अटॅक, साधारण 15-16 अंशांपलीकडे गेला की हवा पंखाच्या पाठीवरून सुटते आणि लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलून धरणारं बल, ढासळते. मग वेग कितीही असो. सरळ उडताना 50 नॉटला (1 नॉट म्हणजे ताशी 1.85 किमी) स्टॉल होणारं विमान उंची राखून 45 अंश कलतं वळवलं तर साधारण 60 नॉटलाच स्टॉल होतं, 60 अंशांवर 71 नॉटला. हे आकडे पाठ नकोत. 1 भागिले कलाचा कोसाइन, त्याचं वर्गमूळ, गुणिले सरळ उड्डाणातला स्टॉलचा वेग. तक्ता तिनेच मांडावा.

हा तक्ता उपयोगी पडतो तो रनवेकडे शेवटचं वळण घेताना. वळण उशिरा घेतलं की रनवेची रेषा ओलांडली जाते. मग शिकाऊ पायलट वळणाच्या बाजूचा रडर (शेपटीची उभी झडप, पायातल्या पेडलने चालते) दाबून नाक आत ओढतो, विमान जास्त कलतं म्हणून एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी झडप) उलटा देतो, नाक खाली जातं म्हणून स्टिक मागे खेचतो. आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान स्पिनमध्ये जातं, म्हणजे गरगरत खाली येतं. एवढ्या कमी उंचीवर सावरायला जागाच नसते. रेषा चुकली की पॉवर देऊन पुन्हा फेरी मारायची, ही सवय पहिल्या दिवसापासून हवी.

आता आपलं ऊन. सोनेगावचा, म्हणजे आपल्या नागपूर विमानतळाचा, रनवे समुद्रसपाटीपासून साधारण 1,030 फुटांवर आहे. त्या उंचीला विमानशास्त्रात धरलेलं प्रमाण तापमान 13 अंश. मेअखेरच्या नवतप्यात पारा 45 वर गेला की 32 अंशांचा फरक. गरम हवा विरळ होते; जादा अंशाला 120 फूट उंची धरली तर विमानाच्या लेखी रनवे जवळपास 4,900 फुटांवर जातो, महाबळेश्वरच्याही वर! विरळ हवेत इंजिन, प्रोपेलर, पंख तिघांचंही काम मंदावतं. धाव लांबते, चढ मंद होतो. लँडिंगला स्पीड इंडिकेटर नेहमीचाच आकडा दाखवतो, पण जमीन जास्त वेगाने पळताना दिसते. तेव्हा डोळ्यांवर विसंबून वेग कमी करायचा नाही, आकडाच धरायचा.

सिम्युलेटर चालू ठेवा, पण रडर पेडल जोडा आणि ऑटो-रडर (रडर आपोआप चालवणारी सोय) बंद करा. सेसनासारखं विमान पूर्ण पॉवरवर डावीकडे ओढतं, उजवा पाय सतत लागतो. पेडलशिवाय शिकलेल्यांचे पाय जमिनीवरच राहतात, आणि नजर काचेबाहेर जाण्याऐवजी पॅनलवर खिळते. ती सवय मोडायला फार वेळ जातो.

उड्डाणापूर्वीची तपासणीही मन लावून शिकावी. टाकीतून नमुना काढला की अ‍ॅव्हगॅस (छोट्या विमानाचं इंधन) फिकट निळं दिसायला हवं. पाणी असेल तर तळाशी वेगळा थेंब दिसतो. पण अख्खा नमुनाच पाणी असेल तर थर दिसत नाही, म्हणून रंग आणि वास दोन्ही पाहायचे. पिटो ट्यूबवर (वेग मोजायला समोरची हवा घेणारी नळी) कव्हर नसेल तर कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करते आणि स्पीड इंडिकेटर खोटं बोलतो.

आणि फी भरण्याआधी मेडिकल. आधी क्लास 2 तपासणी, मग जास्त कडक क्लास 1. कमर्शियल लायसन्सला क्लास 1 लागतंच. त्यात अडचण असेल तर ती पैसे गुंतवण्याआधी कळलेली बरी.