शेजारणीचा व्यायाम तुम्हाला का सोसत नाही?

प्रश्न : वय ५४. माजलगावकडची शेती सोडून मुलाकडे छत्रपती संभाजीनगरला आले. शेतात दिवसभर खुरपलं तरी काही झालं नाही. इथं शेजारणीसोबत सूर्यनमस्कार आणि चार किलोमीटर चालणं सुरू केलं, तर महिन्याभरात गुडघे धरले. साखरेची गोळी चालू आहे. व्यायाम सोडून देऊ का?

उत्तर : सोडू नका ताई, बदला. शेतात उठबस, डोक्यावरचा भारा, ढेकळांतली चाल यांनी मांड्या मजबूत राहत होत्या. फ्लॅटमध्ये ते सुटलं. पाळी गेल्यानंतर स्नायूंची ताकदही उतरत जाते. सूर्यनमस्कारात अश्वसंचालनाच्या वेळी पुढचा गुडघा खोल दुमडतो, मागचा फरशीवर टेकतो. मांडी कमजोर असेल तर हा सगळा दाब गुडघ्याच्या वाटीवर येतो. सूर्यनमस्कार वाईट नाहीत, आज ते तुमचे नाहीत इतकंच.

आधी मांडी कमवा. उताणं झोपून एक गुडघा दुमडा, दुसरा पाय ताठ ठेवून वीतभरच उचला, पाच सेकंद धरा. प्रत्येक पायाला दहा वेळा. जास्त उंच उचलला की कंबर वर येते आणि तीच दुखते. श्वासही रोखू नका. दुसरा व्यायाम खुर्चीतून उठबस : आठ वेळा, गुडघे आत वळू न देता. दुखलं तर बसायला घडी केलेली गोधडी घ्या, उंची वाढली की भार कमी होतो. दोन्ही एक दिवसाआड.

चालणं सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं, जमल्यास मातीच्या मैदानावर. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही नेहमीपेक्षा जास्त ठणकत असेल तर प्रमाण निम्मं करा. गुडघा सुजून गरम झाला किंवा अडकला तर आधी डॉक्टर.

गोळीत ग्लिमेपिराइड (साखर फार खाली आणू शकणारं औषध) असेल तर उपाशीपोटी चालू नका. घाम, थरथर जाणवली की साखर उतरली समजा आणि तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. वैशाखात फिरणं सकाळी सातच्या आत उरका.

प्रश्न : पोलीस भरतीसाठी लातुरात १६०० मीटरचा सराव करतो. नडगी दुखते. सगळे म्हणतात, पळत राहा, जाईल.

उत्तर : जाहिरात निघाली की एकदम रोज डांबरी रस्त्यावर पळणं, हे बहुतेकांचं कारण. नडगीच्या आतल्या कडेला बोटभर दाबून पाहा. दुखणं लांबवर पसरलेलं असेल तर पळणं निम्म्यावर आणा, तेही मातीवर आणि एक दिवसाआड. मधल्या दिवशी सायकल. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, १५ वेळा, तीन फेऱ्या. पण एकाच बिंदूवर बोट ठेवताच कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायची. पळणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे असा तडा एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ ऐकून लगेच मैदानावर जाऊ नका.