आईच्या न सांगितलेल्या दुखण्याविषयी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आंघोळीसाठी उठवायला गेले की आई हात झटकते, प्रसंगी चापटही मारते, आणि गुडघा दुखतो का असे विचारले तर स्पष्ट ‘नाही’ म्हणते. तेव्हा हा स्मृतिभ्रंशाचाच चिडकेपणा असावा, असे तू लिहिले आहेस. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. संधिवाताने ज्या बाईचे जिना चढणे कधीच सुटले, तिचे गुडघे विस्मरणाने बरे झालेले नाहीत. दुखणे ओळखून ते शब्दांत सांगणे तेवढे तिला जमेनासे झाले आहे.

म्हणून तोंडाला विचारण्यापेक्षा अंगाला विचार. आम्हा परिचारिकांच्या वापरातली ‘पेनॅड’ नावाची मोजपट्टी २००३ साली याच कामासाठी तयार झाली. श्वास, कण्हणे-ओरडणे, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर माणूस शांत होतो की नाही, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे. आई खिडकीशी निवांत बसलेली असताना नव्हे, तर खाटेवरून उठताना किंवा कूस बदलताना पाहा आणि वेळेसह वहीत नोंद कर. भीतीने किंवा भुकेनेही गुण वाढतात, त्यामुळे त्या आकड्याला फार सोवळ्यात ठेवू नकोस. कालच्या आईशी आजची आई ताडून पाहण्यापुरता तो उपयोगी आहे.

माझ्या सासूबाईंनी एकदा चार दिवस भाकरी बाजूला सारली. आम्ही आधी लाडीगोडी केली, मग रागावलोही. पाचव्या दिवशी कवळी धुवायला काढली, तेव्हा खालच्या हिरडीवर डाळीएवढी लाल जखम दिसली. इतकी वर्षे रुग्णालयात काढलेल्या मला ती आधी दिसली नाही, हे अजून खटकते. तेव्हा गुडघ्यावरच अडून राहू नकोस. तोंड, टाचा, पायांची नखे आणि शौचाला किती दिवसांत झाले, हेही पाहा.

औषधाबाबत डॉक्टरांना एक नेमका प्रश्न विचार: पॅरासिटामॉल ‘लागले तर’ देण्याऐवजी ठरावीक वेळांना देता येईल का? जिला मागता येत नाही, तिच्या बाबतीत ‘लागले तर’ याचा अर्थ बहुधा ‘कधीच नाही’ असा होतो. नॉर्वेतील वृद्धाश्रमांमध्ये स्मृतिभ्रंश असलेल्या ३५२ अस्वस्थ रहिवाशांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक दिले, त्यांचा त्रागा इतरांच्या तुलनेत स्पष्टपणे कमी झाला, आणि त्यांतील बहुतेकांना पॅरासिटामॉलच पुरले. मात्रा आईचे वजन आणि यकृत पाहून डॉक्टरच ठरवतील. सर्दीच्या गोळ्यांतही हेच औषध असते, एवढे ध्यानात ठेव. एक मात्रा आंघोळीच्या सुमारे तासभर आधी येईल असे वेळापत्रक मागून घे. शेजाऱ्यांनी सुचवलेले डायक्लोफेनॅक परस्पर देऊ नकोस, कारण या वयात ते मूत्रपिंडाला आणि जठराला महागात पडते. ट्रॅमाडॉलने गोंधळ आणि बद्धकोष्ठता वाढू शकते. झोपेच्या गोळीने आई गप्प होईल, पण गुडघा दुखतच राहील.

शेकण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहा, कारण चटका बसला तरी ती सांगू शकणार नाही. उठवताना काखेत हात घालून ओढू नकोस. समोर बसून, काय करणार आहेस ते सांगून, तिला तुझ्या हातांचा आधार घेऊ दे. आणि एका-दोन दिवसांत ती एकाएकी फार बदलली, पाय टेकेनाशी झाली किंवा लघवी अडली, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ.

आठवडाभराच्या नोंदी झाल्या की त्या पानांचे फोटो मला पाठव. आंघोळीची वेळ आणि गोळीची वेळ शेजारी-शेजारी लिही, म्हणजे मला वाचायला सोपे जाईल.

तुझी,
मावशी