अकराला या म्हणाले, पण मशीनमध्ये नऊच राहिले

‘बाळंतपणाच्या रजेवरून परत आले. साहेब म्हणतात, अकराला या, चारला निघा, उरलेलं घरून करा. हो म्हणू ना?’ तुमचं हे वाचलं आणि २०१८ मधली मीच दिसले. तुम्ही बदलापूरच्या, मी डोंबिवलीची. ऑफिस दोघींचंही लोअर परळला. पाळणाघर, डबा, करी रोड स्टेशनचा जिना हे तुम्ही निभावून न्यालच, त्यावर मी काय सांगू?

हो म्हणाच. पण साहेबांचा मेल हातात पडेपर्यंत एक दिवसही अकराला जाऊ नका.

मी गेले. माझे साहेब खरंच भले माणूस, त्यामुळे ‘लिहून द्या’ म्हणायची लाज वाटली. हजेरीच्या मशीनमध्ये माझी वेळ नऊ ते सहाच होती. रोज लेट मार्क पडत होता आणि साहेब महिन्याअखेरीस सगळे लेट मार्क माफ करून टाकत होते. हे मला माहीतच नव्हतं! मग त्यांची बदली झाली. नवीन साहेबांना यातलं काहीच ठाऊक नाही. तीन महिन्यांनी तिमाहीचा हिशेब झाला तेव्हा ६६ लेट मार्क निघाले. आमच्याकडे तीन लेट मार्कला अर्धा दिवस, म्हणजे ११ दिवसांची रजा साफ. मूल आजारी पडलं तर लागेल म्हणून जपून ठेवलेली रजा होती ती.

एचआरकडे चार फेऱ्या मारल्या. एचआर म्हणे साहेबांना विचारा, साहेब म्हणे माझ्या आधीचं मला काय माहीत. शेवटी एका पोरसवदा मुलाने ऐकवलं, ‘मॅडम, पॉलिसी फ्लेक्सिबल आहे, सिस्टिम नाही.’ मी रात्री नऊ ते अकरा लॅपटॉप उघडून बसायचे ते कुठल्याच सिस्टिममध्ये नव्हतं. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. असो, अजून डोकं फिरतं.

मी वकील नाही, तेव्हा जाणकाराला विचारून घ्या. पण २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद आली, आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. कामाचं स्वरूप तसं असेल तर आणि मालक व बाई दोघांनी मिळून ठरवलं तर. म्हणजे तो हक्क नाही, करार आहे, आणि तोंडी करार साहेबांबरोबर बदलून जातो. (५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही द्यावी लागते, दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. हे विचारा, बहुतेक ठिकाणी कुणी आपणहून सांगत नाही.)

आपलं ऑफिस ज्या भागात आहे तिथे गिरण्या होत्या. १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे कामगारांच्या कामाच्या वेळा फलकावर लावाव्या लागत. आपण काचेच्या इमारतीत बसतो आणि आपली वेळ साहेबांच्या तोंडात! माझं मत कडवट असेल, पण वेळ लिहिलेली नसेल तर फ्लेक्सी म्हणजे चोवीस तास.

ते टाळत असतील तर तुम्हीच मेल टाका: ‘काल बोलल्याप्रमाणे अमुक तारखेपासून ११ ते ४ ऑफिसात, ९ ते ११ रात्री घरून. मशीनमध्ये शिफ्ट बदलून मिळावी.’ एचआरला सीसी. ‘ओके’ एवढं उत्तर आलं तरी प्रिंट काढून घरी ठेवा. सहा महिन्यांनी वेळ पुन्हा ठरवू, हेही त्यातच लिहा. आणि पहिल्या आठवड्यात हजेरीचा तक्ता स्वतः उघडून शिफ्ट बदलली का बघा. मेलवर ‘ओके’ आणि मशीनमध्ये नऊ, असंही माझ्या मैत्रिणीचं झालंय.

गाडीचं म्हणाल तर मध्य रेल्वेने २०२३ मध्ये ऑफिसांना वेळा मागेपुढे करा म्हणून पत्रं पाठवली होती. आमच्याकडे त्याचं काय झालं देव जाणे. चारला निघालात तर मात्र चारलाच निघा. साडेपाच झाले की करी रोडच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते.