सात दिवस फक्त ज्यूस पिऊन शरीर डिटॉक्स होतं का?

नोकरीसाठी पुण्याहून धुळ्याला आलात, चार महिने खानावळीचं जेवण आणि ढाब्यावरची शेवभाजी खाऊन अंग जड झालंय, पोट नीट साफ होत नाही. म्हणून उन्हाळा लागायच्या आत सात दिवस फक्त दुधी, पालक, बीट यांचा रस पिऊन शरीरातली घाण काढून टाकावी का, असं तुम्ही विचारलंय.

नका करू, असंच सांगेन. मी अमळनेर तालुक्यातली. बारा वर्षं जळगावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायचं काम करतेय. मी डॉक्टर नाही, पण या रसांच्या नादानं काय होतं ते घरातच पाहिलंय.

माझे मोठे काका सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींचं ऐकून रोज पेलाभर दुधीचा रस घ्यायला लागले होते. फाल्गुनातली गोष्ट, मी माहेरी गेले होते. काकांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. काकूनं बोट बुडवून चाखून पाहिलं आणि म्हणाली, "कडू शे ना, फेकी द्या." काका म्हणाले, औषध कडूच असतं. उभ्या उभ्या पेला रिकामा केला. अर्धा-पाऊण तास झाला असेल, ओसरीवर बसल्या बसल्या त्यांना दरदरून घाम फुटला, पोटात मुरडा आला आणि उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या उलटीत रक्त होतं. गाडी काढून दवाखान्यात नेईपर्यंत त्यांचे हात बर्फासारखे गार पडले होते. चार दिवस सलाइनवर काढले आणि वाचले. सगळे असे वाचत नाहीत.

दुधी, काकडी, दोडका या वेलांत कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. एखाद्या फळात ते फार वाढतं आणि त्यावर उतारा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं स्पष्ट सांगितलंय, की रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखावा, कडू असेल तर फेकावा, दुसऱ्या रसात मिसळून कडूपणा झाकू नये. कडू म्हणजे गुणकारी हा समज आपल्याकडे फार खोल गेलाय. कारलं आणि मेथी यांची गोष्ट वेगळी, त्यांची चवच ती. कडू दुधी म्हणजे विषच समजा.

आता 'घाण' म्हणता ते. लॅबमध्ये लोक विचारतात, "ताई, अंगात किती घाण साचली ते कळेल का रिपोर्टमध्ये?" तशी काही मोजता येण्यासारखी घाण साचलेली नसते. यकृत नीट काम करतंय का हे रक्तातल्या एसजीपीटी, बिलिरुबिन यांवरून कळतं आणि मूत्रपिंडांचं क्रिएटिनिनवरून. हे काम अखंड चालू असतं. मोठ्या माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं. प्रथिनं पचल्यावर तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचा ते युरिया करतं. औषधं, दारू असल्या पदार्थांवर ते दोन टप्प्यांत काम करतं. आधी त्यांची रचना बदलतं, मग त्यांना दुसरा रेणू जोडून पाण्यात विरघळतील असं करतं. पुढे मूत्रपिंडं दिवसाला जवळपास 180 लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी होते.

त्या दुसऱ्या टप्प्याला जे रेणू लागतात, त्यांतले बरेचसे प्रथिनांमधून येतात, म्हणजे डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून. सात दिवस नुसता रस प्यायलात, तर जो अवयव साफसफाई करतो त्याचाच शिधा तुम्ही बंद केला. चोथाही गाळून फेकला, म्हणजे पोट साफ व्हायची आशा सोडा. यकृत नको असलेल्या काही गोष्टी पित्तातून आतड्यात सोडतं. चोथा असला की त्या बाहेर पडायला मदत होते, नसला की त्यातलं जास्त परत शोषलं जातं. वजन दोन-तीन किलो उतरतं खरं, पण ते बरंचसं पाणी असतं.

तुम्ही खानदेशात आलाच आहात, तर इथलं जेवण खा. ढाब्याचं नव्हे, घरचं. कळण्याची भाकरी कुणी केली तर सोडू नका. ज्वारी आणि सालासकट उडीद मीठ घालून एकत्र दळतात, त्याची ही भाकरी. प्रथिनं आणि चोथा दोन्ही एकाच घासात. रोज जमत नसेल तर दादरची भाकरी खा. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी.

थंडीत घोळाणा करतात. कोवळी मेथी नाहीतर हरभऱ्याचा पाला धुऊन बारीक चिरायचा, त्यात कांदा, शेंगदाण्याचं कूट, मीठ, तिखट आणि वरून चमचाभर कच्चं तेल. हातानं हलकं घोळायचं, पाणी सुटायच्या आत खायचं. पाला दोन-तीन पाण्यांनी धुवायला विसरू नका, हरभऱ्यावर फवारणी झालेली असते. भरताची हिरवी वांगीही थंडीतलीच. काड्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत चांगलंच, पण वर तेलाचा तवंग आणि सोबत पुऱ्या असतील तर ती शेतातली पार्टी, रोजचा आहार नव्हे.

आता उन्हाळा येतोय. बाजारात चिवळ दिसायला लागेल, बारीक पानांची, जमिनीवर पसरणारी भाजी. मूगडाळ घालून करा. मुतखड्याचा त्रास असेल तर चिवळ आणि पालक बेतानं, कारण त्यात ऑक्सॅलेट असतं. कच्च्या पालकाचा रस रोज पेलाभर पिणं मूत्रपिंडाला घातक ठरू शकतं, त्याचं कारणही हेच. गिलकी (घोसाळी), गंगाफळ (लाल भोपळा), ताक, कैरीचं पन्हं हे उन्हाचं खाणंपिणं. पावसाळ्यात कटुर्ली (करटोली) आणि आंबाडी येतील. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या सांगते. दोन्ही वेळच्या जेवणात वाटीभर भाजी, शिवाय कच्चा कांदा-काकडी आणि दोन फळं घेतली की तेवढं सहज होतं. मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. शेव, बिबडे (ज्वारीचे पापड), पापड, लोणचं एका ताटात आले की ती तिथेच ओलांडली जाते. तुमचं अंग जड वाटण्यात या मिठाचाही हात असावा असं मला वाटतं.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुम्हाला इथला मे महिना माहीत नाही. पारा 45 च्या आसपास जातो. घाम लगेच सुकतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. लिटर मोजत बसू नका, लघवीचा रंग बघा. फिक्या पिवळीपेक्षा गडद झाली की पाणी कमी पडतंय. त्या दिवसांत आमच्याकडे क्रिएटिनिन वाढलेले रिपोर्ट जास्त येतात. त्यातली कितीतरी माणसं दिवसभर उन्हात राबून, अंग दुखतं म्हणून उपाशीपोटी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी घेणारी असतात. कोरड्या पडलेल्या शरीरात ती गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करते. डॉक्टरांना न विचारता या गोळ्या रोज घेत असाल तर आधी त्या थांबवा, त्याचा फायदा कुठल्याही रसापेक्षा जास्त होईल.

दारू घेत असाल तर तीही. रात्रीचं जेवण लवकर, झोप सात तास, आणि ऊन उतरल्यावर अर्धा तास चालणं. यकृतावरची चरबी कमी व्हायला चालण्याचा खरंच उपयोग होतो.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर नुसत्या रसावर राहायचा विचारही करू नका. साखर किंवा रक्तदाब एकदम उतरू शकतो. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि डोळे पिवळे दिसणं, पायावर सूज, लघवीला फेस किंवा शौचात रक्त, यातलं काही असेल तर थेट डॉक्टरांकडे जा. तसं काही नसेल तर खानावळीतल्या मावशींना सांगून बघा, पोळीऐवजी भाकरी आणि शेवभाजीऐवजी पालेभाजी मिळेल का. महिनाभरानं पोट कसं आहे ते इथेच कळवा.